मेंटेनन्सचा माणूस : ‘गावगाडा’तला सुतार पुन्हा वाचताना

‘गावगाडा’ मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर, कुणीतरी पीडीएफ पाठवली म्हणून. तेव्हा आवडलं. दुसऱ्यांदा यंदा वाचलं, आजोबांची एक जुनी वही शेजारी उघडी ठेवून. या वेळी पुस्तकाशी भांडण झालं. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे.

आधी पुस्तकाबद्दल थोडं. ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. लेखक त्रिंबक नारायण आत्रे. ‘कऱ्हेचे पाणी’वाले आचार्य अत्रे नव्हेत, हे आधीच सांगतो, कारण ग्रुपवर दर वेळी हा गोंधळ होतो. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. गावोगाव फिरून, दप्तरं चाळून, माणसांशी बोलून त्यांनी मराठी खेड्याची रचना मांडली : पाटील, कुलकर्णी, कुणबी, बलुतेदार, फिरस्ते. शंभर वर्षांपूर्वीचं गाव कसं चालायचं हे समजून घ्यायचं तर आजही आधी याच पुस्तकाकडे जावं लागतं.

हल्ली त्याच्या नावानं फिरणाऱ्या पोस्टमध्ये मात्र वेगळंच चित्र असतं. बारा बलुतेदार, गुण्यागोविंदानं नांदणारं स्वयंपूर्ण गाव, पैशाशिवाय चालणारा व्यवहार. ज्यांनी पुस्तक उघडलं आहे त्यांना माहीत आहे की आत्रे असं काही म्हणत नाहीत. ते चिडलेले आहेत. राबतो कुणबी, आणि त्याच्या खळ्यावर हात पसरणारे मात्र वाढत चालले आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. वतन वंशपरंपरेनं मिळतं, त्यामुळे बलुतेदाराला काम चांगलं करायची निकड उरत नाही. घरातली तोंडं वाढली की एका वतनाचे वाटेकरी वाढतात, काम तेवढंच राहतं. शेतकऱ्याला ऐन पेरणीत सुताराच्या दारी खेटे घालावे लागतात. स्पर्धा नाही म्हणून कसब नाही, कसब नाही म्हणून प्रगती नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर आत्रे गावाचं परफॉर्मन्स रिव्ह्यू लिहीत आहेत, आणि बहुतेकांना कमी रेटिंग देत आहेत.

त्या रिव्ह्यूत माझे पणजोबाही येतात. आमचं गाव खंडाळा तालुक्यातलं. लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं. घराणं सुताराचं. तेव्हा भांडणाला कारण घरचंच आहे, हे लपवत नाही.

नाव कुणाचं, काम कुणाचं

पुस्तकाच्या नावापासून सुरुवात करू. गाव म्हणजे गाडा, ही प्रतिमा आत्र्यांनी निवडली. पण गाडा ही वस्तू येते कुठून? बाभळीचं लाकूड निवडून, वाळवून, त्यातून चाकाचा तुंबा, आरे, जू, शिवळा घडवणारा सुतार असतो. चाकावर लोखंडी धाव चढवायला लोहार लागतो. धाव तापवून चढवतात, गार होताना ती आवळते आणि चाक एकजीव होतं. मापात थोडं चुकलं तर चाक खुळखुळतं.

म्हणजे सगळ्या गावासाठी जी उपमा वापरली, ती सुताराच्या हातातून आलेली आहे. पुस्तकात मात्र सुतार येतो तो यादीत. ‘कारू-नारू’ या प्रकरणात त्याचा दर्जा, त्याचा हक्क, त्याचं बलुतं येतं. थोरल्या ओळीत त्याची जागा असते, म्हणजे खळ्यावर त्याचा वाटाही मोठा. तो काय घेतो हे आत्रे बारकाईनं सांगतात. तो वर्षभर काय करतो, हे त्या मानानं धूसर राहतं. महसुली डोळ्याला वाटा चटकन दिसतो, कारण तो मोजता येतो.

याला मी लबाडी म्हणत नाही. प्रत्येक नजरेला काही दिसतं आणि काही दिसत नाही. टीकेचं काम ती न दिसलेली बाजू दाखवणं.

वहीत काय आहे

आजोबांना घरात सगळे तात्या म्हणत. सातवीपर्यंत शिकलेले. त्यांची वही म्हणजे लांब आकाराची, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली. साधारण १९६५ ते १९९० च्या सुमारापर्यंतच्या नोंदी आहेत. प्रत्येक घराला एक पान. डावीकडे काम, उजवीकडे काय मिळालं ते.

सुरुवातीच्या पानांवर उजवी बाजू जवळजवळ सारखी आहे : जोंधळा, बाजरी, इतक्या पायल्या. डावी बाजू वाचायला लागलो तेव्हा थांबलो. कुळवाची दिंड बदलली. रुमणं बसवलं. नांगराची हाळीस. पाभरीचं चाडं तासलं. गाडीचा एक आरा. दाराची खालची फळी. पाळण्याची दांडी. पुन्हा कुळव. पुन्हा पाभर.

नवीन वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एखादी चौकट, एखादा देव्हारा, लग्नासाठी दोन पाट आणि चौरंग. बाकी सगळी दुरुस्ती.

मी कंपनीत जे काम करतो त्याला सपोर्ट म्हणतात. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली एक सिस्टिम आहे, ती बंद पडू नये हे आमच्या टीमचं काम. वर्षअखेरीला मॅनेजर विचारतो, ‘यंदा नवीन काय केलं?’ खरं उत्तर असं असतं की काही बंद पडलं नाही, हेच केलं. पण रिव्ह्यूच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो. ज्या महिन्यात काही बिघडत नाही, त्या महिन्यात आम्ही रिकामे बसलो होतो असं बाहेरून दिसतं.

‘गावगाडा’तला आळशी बलुतेदार मला दुसऱ्या वाचनात असा दिसला. बलुतं हा वस्तूचा मोबदला नव्हता. ते वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट होतं. पेरणीच्या चार दिवसांत सगळ्या गावाची अवजारं एकदम सुताराच्या दारात येणार आणि मग महिनाभर कुणी फिरकणार नाही, हे त्या कामाचं स्वरूपच आहे. पाऊस पडला की प्रत्येकाला उद्या सकाळीच पाभर हवी. आत्र्यांनी जे खेटे नोंदवले ते खरेच असणार. पण एका सुतारावर एकाच आठवड्यात सगळं गाव कोसळत असेल, तर त्या खेट्यांचं कारण माणसाच्या स्वभावात शोधावं की कामाच्या वेळापत्रकात? आत्रे बहुतेक ठिकाणी स्वभावात शोधतात. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही.

लाकूड कुणाचं

सुताराच्या आधी लाकूड येतं, आणि लाकडाबद्दल मराठीत आधीपासून लिहिलेलं आहे. तुम्ही एक फॉरवर्ड नक्की वाचला असेल : आरमारासाठी झाडं तोडताना रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नका, असं शिवाजी महाराजांचं पत्र. तो मजकूर ‘आज्ञापत्रा’तला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचा हा राजनीतीवरचा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. शिवकाळाचा अनुभव त्यात मुरलेला आहे, पण ते महाराजांचं पत्र नव्हे. त्या मजकुराचं मोठेपण मला मान्य आहे. झाड वाढायला वर्षं लागतात, रयतेनं ते मुलासारखं वाढवलेलं असतं, जीर्ण झाड घ्यायचं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा विचार तिथे आहे. राजा आणि रयत दोघंही दिसतात. ते लाकूड जहाजात बसवणारा मात्र तिथेही कडेलाच राहतो.

पुढे राज्य बदललं, तरी सत्तेची सागवानावरची नजर तीच राहिली. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी इंग्रजांसाठी सागवानी जहाजं बांधत होती. १८१७ साली तिथे तयार झालेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं. सागवान कमी पडायला लागल्यावर जंगल राखायची आठवण झाली. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे कॉन्झर्व्हेटर झाले. १८७८ साली वन कायदा आला आणि डोंगर, कुरणं सरकारी राखीव होत गेली.

याचा धक्का कुणाला बसला ते जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली सांगून ठेवलंय. जंगल खात्यानं डोंगर-कुरणं आपल्याकडे ओढली आणि शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना चरायला जागा उरली नाही, हा त्यांचा आरोप आहे. परदेशी मालानं इथल्या कारागिरांच्या पोटावर पाय आणला, हेही ते मांडतात. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आमच्याच तालुक्यातलं. शाळेत असताना ३ जानेवारीला तिथे जायचो, भाषणं करायचो. ‘असूड’ मात्र कुणी वाचायला दिलं नाही.

‘असूड’ आणि ‘गावगाडा’ लागोपाठ वाचावेत असं मला वाटतं. दोघांनाही कुणब्याची हलाखी दिसते. आत्रे त्याचं कारण बरंचसं गावाच्या आत, वाटेकऱ्यांत शोधतात. फुले जातीच्या उतरंडीइतकंच सरकारी कचेरीकडे, कायद्याकडे, बाजाराकडे बोट दाखवतात. तात्यांच्या वहीत सागवान क्वचित येतं ते याच्याशी जुळतं. बहुतेक नोंदी बाभळीच्या, तीही शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधावरची आणून दिलेली. डोंगर राखीव असेल तर सुताराच्या वाट्याला बांधच उरतो.

लोखंड आलं

पुणे–मिरज रेल्वेमार्गावर लोणंद आमच्या तालुक्यातलं स्टेशन. त्याच मार्गावर पुढे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी लागते. औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळ दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तो कारखाना आणि गाव वसवलं. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. सुरुवातीला लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट किर्लोस्करांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते.

तारखा शेजारी ठेवून बघा. किर्लोस्करवाडी १९१०, ‘गावगाडा’ १९१५. आत्रे सुताराला प्रगती न करणारा म्हणत होते, तेव्हा त्याच्या मुख्य वस्तूला पर्याय याच भागात ओतला जाऊ लागला होता. उद्योजकाच्या बाजूनं ही गोष्ट आपण अनेकदा वाचली आहे, आणि ती वाचण्यासारखी आहेच. जमीन खोल नांगरली गेली, शेतकऱ्याचा फायदा झाला. पण अंधश्रद्धाळू शेतकरी आणि द्रष्टा कारखानदार या दोन पात्रांच्या गोष्टीत तिसरं पात्र नसतं. लाकडी नांगर मोडला तर गावात दुरुस्त व्हायचा, तोही बलुत्यात. लोखंडी नांगराचा भाग मोडला तर रोख पैसे घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न त्या नकारात नसेल कशावरून?

नांगर गेला तरी कुळव, पाभर, गाडी बरीच वर्षं टिकली. वहीतला मोठा खड्डा १९७२ च्या दुष्काळाचा आहे. पानंच्या पानं उजवी बाजू कोरी. मग डावीही कोरी, कारण लोकांनी बैल विकले आणि अवजारं माळ्यावर गेली. तात्या त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. वाकस धरणारे हात, म्हणून मुकादमानं हातोडा आधी त्यांच्याकडे दिला, असं आजी सांगते.

त्यानंतर वहीची भाषाच बदलते. पायल्या जातात, रुपये येतात. डावीकडे नवे शब्द येतात : खुर्ची, टेबल, स्टूल, शोकेस, टीव्हीचं कपाट. शेवटच्या पानांवर शिरवळच्या एका बिऱ्हाडासाठी केलेल्या कामाला एकच शब्द आहे, ‘फर्निचर’. या शब्दाला आपल्याकडे रुळलेला मराठी प्रतिशब्द नाही, आणि त्याचं कारण भाषेचा दुबळेपणा नव्हे. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, वळकटी पसरून झोपणाऱ्या घरात पाट, चौरंग, पेटी, झोपाळा अशा सुट्या वस्तू होत्या. त्या सगळ्यांना मिळून एक नाव द्यायची गरज पडली ती त्या सेट म्हणून विकत घ्यायला लागल्यावर.

१९८६ साली आत्याचं लग्न झालं. रुखवतात लोखंडी कपाट हवं, असं तिकडून आलं. तात्यांनी सागवानी कपाट करून देतो म्हटलं. नको, गोदरेजचं हवं. मुंबईच्या गोदरेजनी १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली होती, आणि तोवर त्यांचं नाव हेच वस्तूचं नाव झालं होतं. आत्याला दिलेलं कपाट साताऱ्याच्या एका फॅब्रिकेटरकडचं, तरी सगळे त्याला ‘गोदरेज’च म्हणत. वहीत त्याची नोंद आहे, विकत घेतलेल्या सामानात. सुताराच्या वहीत कपाट खर्चाच्या बाजूला. त्याच गोदरेजचा फर्निचर बनवणारा एक कारखाना आज शिरवळला आहे आणि आमच्या गावची मुलं शिरवळच्या कारखान्यांत कामाला जातात. महिन्याला पगार येतो, पीएफ कापला जातो. तात्यांना यातलं काहीच मिळालं नव्हतं. म्हणून ‘कारखान्यानं कारागीर मारला’ इतकं सोपं वाक्य मला लिहिता येत नाही.

माझ्या मांडणीतलं भोक

इथवर लिहून झाल्यावर मसुदा एका मित्राला वाचायला दिला. तो म्हणाला, ‘मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट म्हणालास ना? कॉन्ट्रॅक्ट रद्द करता येतं. बलुतं रद्द करता यायचं का?’

त्याचं बरोबर आहे. माझी उपमा सुताराला शोभते, कारण सुतार थोरल्या ओळीत होता आणि शिवाय त्याला कुणी शिवून घ्यायला नकार देत नव्हतं. त्याच ओळीतल्या महाराच्या वाट्याला आलेलं ‘मेंटेनन्स’ म्हणजे वेठ होती : मेलेली ढोरं ओढणं, सांगावे पोचवणं, सरकारी सामान वाहणं, आणि भाकरीसाठी दारोदार फिरणं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते उगाच नव्हे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, तेव्हा या शब्दातला सगळा गोडवा उतरवून ठेवला. ‘बलुतं’ वाचलेल्या माणसानं बलुत्याला नुसतं कॉन्ट्रॅक्ट म्हणू नये. वतन माणसाला गावाशी बांधून ठेवतं, या आत्र्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. फक्त ते बांधणं सगळ्यांना सारखं काचत नव्हतं. सुताराला दोर सैल होता.

दुसरं भोक आजीनं दाखवलं. वही वाचून दाखवत होतो तेव्हा म्हणाली, “ह्ये समदं तात्यांनी लिवलं. खळ्यावर पाटी घिऊन कोण जायचं? म्याच की. दोन पायल्या लिवल्यात, पर त्या मागून मागून आनल्यात, त्ये कुठं लिवलंय?” लिहिलेलं नाही. आत्र्यांनी सुताराला यादीत टाकलं म्हणून मी त्यांच्यावर रागावलो होतो. तात्यांनी आजीला यादीतही घेतलेलं नाही.

खिळ्याची जागा

मागच्या वर्षी पुण्यात घर बदललं. ऑनलाइन घेतलेला बेड सोडवून पुन्हा जोडताना एका कोपऱ्याचा स्क्रू धरेना. ज्याला बोलावलं तो बघून म्हणाला, “दुरुस्त होत नाही सर, नवीनच घ्या.” तो खोटं बोलत नव्हता. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा रेझिननं दाबून केलेला तक्ता. स्क्रूची जागा एकदा सैल झाली की भोवतालचा भुसाच सुटतो. पाणी लागलं तर तक्ता फुगतो. गाडीच्या चाकाचा एक आरा बदलता येतो, कारण चाक सुट्या भागांचं बनवलेलं असतं आणि भाग बदलणारा माणूस गावात आहे हे गृहीत धरलेलं असतं. बेडच्या रचनेत तो माणूस गृहीतच नाही.

दुसऱ्या टोकाला ‘वाडा एस्थेटिक’ आहे. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्याचे, पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या कोरीव सागवानी दर्शनी भागाचे रील्स मीही सेव्ह केलेत. पाडलेल्या वाड्यांचे खांब आणि दारं विकत घेऊन कॅफे सजवतात, जुन्या दाराचं टेबल होतं. मला ते सुंदर वाटतं. पण ते लाकूड इतकी वर्षं टिकलं ते आपोआप नव्हे. दर काही वर्षांनी कुणीतरी वाळवी बघितली, तेलपाणी केलं, कुजलेली फळी काढून नवी बसवली. रीलमध्ये वाडा दिसतो, मालकाचं नाव दिसतं. ती बदललेली फळी दिसू नये अशीच बसवलेली असते, कारण चांगली दुरुस्ती लपते.

आत्र्यांच्या पुस्तकाबद्दल माझं म्हणणं शेवटी एवढंच आहे. ते मोठं पुस्तक आहे, वाचाच. पण घेतलेला वाटा आणि घडवलेली वस्तू याच दोन गोष्टी मोजल्या, तर वस्तू चालू ठेवणारा माणूस कायम आळशीच दिसणार. ही चूक १९१५ मध्ये संपलेली नाही. ती माझ्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आहे, आमच्या बेडच्या डिझाइनमध्ये आहे, आणि आजीच्या बाबतीत तात्यांच्या वहीतही आहे.

गावचं घर बाबांना पाडून बांधायचं आहे. लाकूडवाला येऊन तुळया बघून, घनफुटाचा भाव सांगून गेला. तुळया बहुतेक जातील, त्याबद्दल मी घरात वाद घातलेला नाही, कारण पावसाळ्यात त्या घरात मी राहत नाही, बाबा राहतात. वही मात्र पुण्याला आणली आहे. प्रत्येक पानाचा फोटो काढतो आहे, आणि आजीला विचारून खळ्यावरच्या नोंदी समासात लिहितो आहे, तिचं नाव घालून. तुमच्या घरी सुताराची, लोहाराची, शिंप्याची असली वही माळ्यावर असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा डावी बाजू वाचून बघा.